पन्हळीचे नऊ तुकडे

आमचे हे गव्हात काखेपर्यंत बुडाले, त्या दिवशी ह्यांच्या आणि मरणाच्या मध्ये एक दोरी होती आणि माझे धाकटे दीर होते. दोरी मजबूत होती. दिरांची खात्री मात्र घरात कुणालाच नव्हती. त्यांची त्यांना स्वतःलासुद्धा नव्हती.

भावजी पत्र्याचं काम करायचे. डबे, बादल्या, नरसाळी, छपराच्या पन्हळी. गिरणीच्या फाटकासमोर त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूने येणारे-जाणारे फुकट सल्ले देणारे. सगळे त्यांना खटपट्या म्हणायचे, कारण सरळ डबा त्यांना सरळ करवतच नसे. एकदा त्यांनी बाजूने ओतायची बादली केली, म्हणजे बाईमाणसाला वाकायला नको. पहिल्याच गिऱ्हाइकाने ती उचलली आणि पाणी आपल्याच पायावर ओतून घेतलं. एकदा आपोआप मिटणारं झाकण केलं. ते सासूबाईंच्या बोटावर मिटलं. सासूबाई आठवडाभर ते बोट वर धरून घरात फिरत होत्या, भिंतीलासुद्धा दाखवत होत्या.

मला मात्र त्यांनी पोत्याचं तोंड उघडं धरायला पत्र्याचं एक कडं करून दिलं होतं. मी गिरणीत पोत्यांची तोंडं शिवायचे. पूर्वी एकीने धरायचं आणि दुसरीने शिवायचं. कडं आल्यापासून मी एकटी शिवायला लागले. त्या कड्यावर मी वीस वर्षं काढली, पण भावजींच्या खटपटी मोजताना ते कुणी धरायचं नाही. मोजायचं ते सासूबाईंचं बोट.

त्या दिवसांत चर्चमध्ये पाळकसाहेब दर रविवारी एकेका गुणावर बोलत होते. देवाने माणसाच्या स्वभावात काय काय घातलंय, असा विषय. सहनशीलता झाली, खरेपणा झाला, आज्ञाधारकपणा झाला. त्या रविवारी आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी छपराकडे. मग आली सर्जनशीलता. शब्द एवढा मोठा, की माझ्या तोंडात मावेना. पण पाळकसाहेबांनी तो सोलून दिला. म्हणाले, देव घडवणारा आहे आणि त्याने आपल्याला त्याच्या सारखेपणाने केलं, म्हणून काहीतरी घडवावं ही ओढ त्याच्याकडूनच येते. त्याने काही नसताना सगळं केलं. आपल्याला तेवढं जमणार नाही. आपल्याला हातात आहे त्यातूनच करायचं. हा गुण गाणाऱ्यालाच दिला, चित्र काढणाऱ्यालाच दिला, असं नाही. समोर कुणी अडलेलं असताना "आता काही होत नाही" म्हणून जो उठून जात नाही, वाट शोधत बसतो, त्याच्यात तो आहे. आणि पुढे म्हणाले, की त्यात प्रेम नसेल तर तो गुण नुसता मिरवतो आणि नम्रता नसेल तर पहिल्या चुकीलाच रुसून बसतो.

उपासना संपल्यावर भावजी दारातच उभे राहिले. "साहेब, माझ्या हाताला सारखी खाज असते. आहे ते बदलून बघायची. ती देवाची की माझी?"

मागून मुकादम म्हणाला, "खाज असेल तर मलम लाव." मुकादम म्हणजे गिरणीतला आमच्या ह्यांचा वरचा माणूस, आणि चर्चच्या पंचांपैकीही एक. त्यामुळे आठवड्याचे सातही दिवस तो आम्हांला पुरायचा. सगळे हसले. पाळकसाहेबही जरा हसले, मग म्हणाले, "कुणासाठी करतोस, एवढं स्वतःला विचारत जा. आणि बिघडलं तर लपवू नकोस."

वाटेत भावजी मला म्हणाले, "वहिनी, लपवायला जागा तरी कुठाय? बिघडलेलं सगळं दुकानात टांगलेलंच असतं."

पुढच्याच आठवड्यात मुकादमाने त्यांना चर्चच्या छपराच्या पन्हळी करायला सांगितल्या. दहा फुटी, अर्धगोल, दोन्ही काठ वळवलेले. "एक इंच इकडे नको, एक इंच तिकडे नको. आणि तुझी अक्कल घरी ठेवून ये." भावजींनी अगदी तशाच केल्या. एका रांगेत दुकानाला टेकवून ठेवल्या होत्या. बिनचूक काम केल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

आता त्या दिवसाचं सांगते.

गिरणीची कोठी म्हणजे तीन मजले उंच लोखंडी पिंप. वरून गहू पडतो, खालचं तोंड उघडलं की तो गिरणीत जातो. गहू जरा दमट असला तर दुधावर साय धरावी तसा वरचा थर धरतो. खालून गहू निघून जातो, साय जागच्या जागी राहते आणि तिच्याखाली पोकळी होते. वरून बघणाऱ्याला वाटतं, जमीनच आहे. म्हणून नियम होता, की खालचं तोंड बंद केल्याशिवाय आत कुणी उतरायचं नाही. पण तोंड बंद केलं की गिरणी थांबते, आणि गिरणी थांबली की मुकादमाचं तोंड उघडतं. तेव्हा कोठीवाल्यांनी आपली एक रीत पाडली होती. तोंड अर्धं चालू ठेवायचं, काखेत दोरी बांधायची, भिंतीच्या कडेकडेने उभं राहायचं, लांब काठीने साय फोडायची आणि वर यायचं. कडेचा गहू घट्ट असतो, तो माणसाला धरतो, अशी सगळ्यांची समजूत. ह्यांनी अकरा वर्षं असंच केलं होतं. त्या दिवशी काठी सायीत अडकली. ती सोडवायला हे कडेपासून एक पाऊल पुढे गेले. एकच.

मी खाली पोती शिवत होते. आमच्या कामात कान कोठीतून येणाऱ्या गव्हाच्या नळावर असतात. गव्हाची सरसर चालू असते, तोवर सगळं ठीक. ती सरसर मध्येच अडखळली, आणि वरून पत्र्यावर थाप पडल्यासारखा आवाज आला. खालच्या माणसाने झटकन तोंड बंद केलं. देव त्याचं भलं करो, त्याने मुकादमाला विचारलं नाही.

मी चपला टाकल्या आणि बाहेरच्या शिडीने वर गेले. एरवी मी स्टुलावर चढतानासुद्धा कुणाचा तरी हात धरते. वरचं झाकण उघडं होतं, दोन हात रुंद. आत एक दिवा आणि नुसती धूळ. त्या धुळीत ह्यांचं डोकं आणि दोन हात, बाकी सगळा गहू. दोरी काखेतून वर शिडीला ताणलेली. तेवढ्यावरच हे थांबले होते.

"तू कशाला आलीस? तुला उंचीची भीती वाटते."

"वाटतेच आहे. बोलू नका."

"श्वास सोडला की... गहू ती जागा घेतो," हे म्हणाले. "मग परत घ्यायला... देत नाही."

तेवढ्यात दोन हमाल वर आले आणि मी नको म्हणेपर्यंत त्यांनी दोरी ओढली. ह्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी पुन्हा कधी ऐकला नाही आणि देवाने ऐकवू नये. दोरी करकरली, माणूस तिथेच. गव्हाने त्यांना असं धरलं होतं, की आणखी ओढलं असतं तर अर्धेच वर आले असते.

खालून मुकादम ओरडला, "तोंड उघडू का? गहू निघून गेला की सुटेल!"

"नको!" एक म्हातारा हमाल ओरडला. "गव्हाबरोबर तोही खाली जाईल!"

मग मुकादम म्हणाला, बाजूचा पत्रा गॅसने कापू. म्हातारा म्हणाला, आत एवढी धूळ, ठिणगी पडली तर कोठी, माणूस आणि आपण सगळे एकदमच वर जाऊ. मुकादमाने बंबवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, दोन तास लागतील.

दोन तास. इथे एकेक श्वास बोटभर लहान होत होता.

हे म्हणाले, "धाकट्याला... बोलव."

मी दोनदा विचारलं, कारण मला वाटलं चुकून बोलले. ह्याच माणसाने भावजींना डोकं ठिकाणावर नसलेला म्हणून जन्म काढला होता. "बोलव ना गं," हे म्हणाले, आणि डोळे मिटले.

मी रस्ता ओलांडून पळाले. भावजी एका डब्याच्या सांध्याला डाख देत होते. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं, पण उठले नाहीत.

"खालचं तोंड बंद आहे?"

"आहे."

"दोरी कुठे?"

"काखेत. भावजी, उठा!"

"आजूबाजूचा गहू सपाट आहे, की एका बाजूने उंच?"

मी त्यांचा हातोडा उचलला होता. कशाला, ते मला आजही माहीत नाही. "एका बाजूने उंच!" मी म्हणाले. तेव्हा ते उठले. एक मोठा पत्रा, कातर आणि तळ कापलेला एक छोटा डबा एवढं घेऊन ते निघाले.

अंगणात सांडलेल्या गव्हाची एक बादली होती. भावजी चक्क तिच्यापुढे बसले. बोट गव्हात खुपसलं आणि ओढून बघितलं. मग बोटाभोवती तो बिनतळाचा डबा दाबला, आतला गहू चिमटीने बाहेर टाकला आणि पुन्हा बोट ओढलं. अलगद निघालं.

मुकादम केस उपटायचा बाकी होता. "भाऊ मरतोय आणि हा खेळतोय!"

"मुकादम, दोन फळ्या द्या," भावजी एवढंच म्हणाले आणि शिडी चढायला लागले.

फळ्या आत गव्हावर आडव्या टाकल्या, म्हणजे वजन एका जागी पडू नये. भावजी आणि तो म्हातारा हमाल पोटावर सरकत आत गेले. मी झाकणापाशी. मोठ्या पत्र्याची गुंडाळी करून मी आत दिली. त्यांनी ती ह्यांच्याभोवती उलगडली आणि दोघांनी मिळून दाबली.

पत्रा वीतभर गेला आणि मग कागदासारखा दुमडला. पुन्हा दाबला, आणखी दुमडला. एक कोपरा ह्यांच्या कानाला लागला, रक्त आलं.

"धाकट्या," हे म्हणाले, "मला... डबाबंद करतोस?"

कुणी हसलं नाही. ह्यांचे ओठ काळपट दिसायला लागले होते. भावजींनी तो पत्रा उपसून बाजूला फेकला आणि फळीवर पडल्या पडल्या तोंड हातांनी झाकलं.

मला वाटलं, संपलं. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर ते काहीतरी पुटपुटत होते. प्रार्थना होती की माप, ते कळलं नाही. पुटपुटता पुटपुटता त्यांचा हात त्या फेकलेल्या पत्र्यावरून फिरत होता. जिथे तो दुमडला होता, तिथे त्यांनी अंगठा दाबला. पुन्हा दाबला. तिथे पत्रा दबेना.

"वाकलाय तिथे ताठ आहे," ते म्हणाले. स्वतःशीच. मग एकदम वर बघून ओरडले, "वहिनी! पन्हळी!"

मी खाली बघून ओरडले, "पन्हळी!"

"कुठल्या?" मुकादम म्हणाला. मग त्यालाच समजलं. "चर्चच्या?"

मला तो क्षण अजून दिसतो. सगळे त्याच्याकडे बघतायत, आणि तो त्या नव्या कोऱ्या पन्हळींकडे. मग तो म्हणाला, "लांबी सांग!"

"साडेचार फूट!" भावजी आतून ओरडले. "नऊ तुकडे! एक इंच इकडे नको!"

मुकादमाने स्वतः कातर घेतली. काही म्हणा, मापाच्या कामाला त्याच्यासारखा माणूस नाही. बाकीचे धरत होते, तो कापत होता, आणि एकेक तुकडा हातोहात शिडीवरून माझ्याकडे येत होता. मी तो उभा धरून आत सोडत होते. माझ्या पायाखाली तीन मजले आहेत, हे मी तेवढ्या वेळात एकदाही आठवलं नाही.

भावजींनी पहिला तुकडा गहू उंच होता त्या बाजूला लावला. "दाबू नका, काका," ते हमालाला म्हणाले. "डोलवा. डोलवत डोलवत खाली." पन्हळ खरंच खाली गेली, वाकली नाही. दुसरी उलट तोंडाची. पहिलीचा काठ आत वळलेला, दुसरीचा बाहेर. एकीत एक अडकवली आणि डोलवली. तिसरी. प्रत्येक धक्क्याला वरच्या उतारावरून चार दाणे घरंगळत होते, आणि ते चार दाणे मला डोंगराएवढे दिसत होते.

चौथा तुकडा अर्धा आत गेला असेल, आणि उतार सुटला.

मोठा आवाज झाला नाही. सगळा उतार नुसता पुढे सरकला, सुस्कारा टाकल्यासारखा. गहू ह्यांच्या हनुवटीपाशी आला, ओठापाशी आला. दिवा हलला आणि धुळीने मला काही दिसेना. दोरी शिडीला पक्की बांधलेली होती, तरी मी ती दोन्ही हातांनी धरून उभी होते, जशी काही माझ्याच हातांवर टिकली होती.

"नाकाने घे, दादा! नाकाने!" भावजींचा आवाज. "तोंड मिटून ठेव!"

धूळ जरा बसली. साडेतीन तुकड्यांची ती भिंत आत कलली होती, पण उभी होती. उतार तिच्या पाठीवर थांबला होता. भिंतीच्या अलीकडे ह्यांचं तोंड होतं आणि भावजी हाताने त्यांच्या ओठांवरचा गहू बाजूला करत होते, जसं आपण लेकराचं तोंड पुसतो तसं. तेव्हा ती भिंत नसती तर काय झालं असतं, ते मी इथे लिहिणार नाही.

पाचवा. सहावा. सातवा. हे आता बोलत नव्हते. मी बोलत होते. काय वाटेल ते. घरची भांडी कशी पडलीयत, सासूबाई काय म्हणाल्या, धुलाईचा साबण संपलाय. एकदा ह्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. साबणाचं ऐकून उघडले असावेत.

आठवा बसला. एक फट उरली आणि नववा तुकडा त्या फटीपेक्षा रुंद. भावजींनी लावून बघितला, काढला, फिरवून लावला, पुन्हा काढला. फटीतून गहू आत येत होता.

"मुकादम! एक अरुंद कापा!" मी ओरडले.

"वेळ नाही," भावजी म्हणाले. त्यांनी तो तुकडा गुडघ्यांत धरला, दोन्ही काठांना उघड्या हातांनी पकडलं आणि आत दाबायला लागले, पन्हळ आणखी खोल आणि आणखी अरुंद करायला. कापलेल्या पत्र्याची धार तुम्हांला माहीत नसेल तर सांगत नाही. फळीवर रक्ताचे थेंब पडत होते. मग त्यांनी तो फटीत घातला. हमाल काकांनी डोलवला. दोन्ही काठ अडकले.

"आता काढा!"

डब्यांनी गहू काढायला सुरुवात केली. आतला काढायचा, बाहेर टाकायचा. पण पातळी उतरेना. दहा डबे काढले, गहू तिथेच. खालून वर येत होता. मी देवाला म्हटलं, एवढं करवलंस आणि आता कुठे चाललास? प्रार्थना अशी करू नये म्हणतात, पण मला तेव्हा दुसरी येत नव्हती. भावजींनी डबा टाकला आणि ते एकेका तुकड्याला पुन्हा डोलवत खाली घालायला लागले. चार बोटं. सहा बोटं. मग पुन्हा डबा.

ह्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण दिसलं.

मग दुसरं. तिसऱ्या बटणाला ह्यांनी श्वास घेतला. पूर्ण, पोटापर्यंत. तो आवाज त्या लोखंडी पिंपात घुमला आणि खाली अंगणात उभ्या असलेल्या माणसांनाही ऐकू गेला. मग हे रडायला लागले. हे आजही म्हणतात, डोळ्यांत धूळ गेली होती. तेवढी धूळ तर सगळ्यांच्याच डोळ्यांत गेली होती.

कमरेपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत मोकळे झाले, मग पाय निघाले. एक बूट आतच राहिला, तो पुढे गिरणीने शोधून दिला, कारण पिठात बूट कुणालाच नको होता. ह्यांना खाली उतरवलं, तेव्हा बंबवाले फाटकातून आत येत होते. त्यांच्यातला मोठा साहेब वर जाऊन कोठीत डोकावून आला आणि मुकादमाला म्हणाला, "ही साधनं कुठून आणलीत?"

मुकादम म्हणाला, "चर्चच्या छपराची आहेत."

साहेबाला वाटलं, माणसाला धक्का बसलाय. त्याने मुकादमालाही पाणी दिलं.

ह्यांना गाडीत घातलं. मी चढणार, तेवढ्यात लक्षात आलं, की भावजी दिसत नाहीत. पुन्हा वर गेले. ते अजून फळीवरच होते, हातात तो नववा तुकडा.

"भावजी, या वर."

"हा आधीच अरुंद घ्यायला हवा होता, वहिनी. नऊ सारखे मागितले मी. गोल शेवटी मिटताना जागा कमी पडते, हे मला माहीत आहे. डब्याला रोज करतो. किती वेळ गेला ह्याच्यात."

"या वर."

"हात उघडत नाहीत," ते म्हणाले.

मग मी आत उतरले, त्या फळीवर. त्यांच्या हातातून तो पत्रा काढला. एकेक बोट धरून उघडायला लागलं. बोटं थंड होती आणि तळवे दोन्हीकडे फाटले होते. आजवर मला वाटायचं, देवाची देणगी म्हणजे धुतलेली, इस्त्री केलेली येत असेल. तशी नव्हती ती.

ह्यांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि पायांना महिनाभर मुंग्या होत्या. बरे झाले. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी भावजींना पुढे येऊन दोन शब्द सांगायला बोलावलं. लोकांना साक्ष ऐकायची होती, रडायची तयारी करून आले होते. भावजी हातांना पट्ट्या बांधून उभे राहिले. म्हणाले, "मी काही केलं नाही म्हणालो तर खोटं होईल. मी एकट्याने केलं म्हणालो तर तेही खोटं. पत्रा दुमडला तेव्हा मला काही सुचत नव्हतं. मग सुचलं. ते कुठून आलं हे मला सांगता येतं, कसं आलं हे सांगता येत नाही." इथपर्यंत छान चाललं होतं. मग ते नवव्या तुकड्याकडे वळले. पाऊण तास. कुठे चुकलं, किती इंच चुकलं, काठ कसा वळवायला हवा होता. मागच्या बाकावर लोक पेंगायला लागले. मुकादम मात्र पुढे वाकून ऐकत होता, आणि मध्येच म्हणाला, "सव्वा इंच." "दीड," भावजी म्हणाले. पाळकसाहेबांनी दोघांनाही थांबवलं नाही.

चर्चच्या छपराला त्या वर्षी पन्हळी लागल्या नाहीत. भिंतीवरून पाणी गळायचं, त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

भावजींनी नंतर तसे तुकडे जाड पत्र्याचे केले, मिटायचा तुकडा वेगळा आणि अरुंद. आमच्या गिरणीत एक संच टांगला. दुसऱ्या दोन गिरण्यांनी मागून नेला. एका गिरणीत त्याने एक माणूस वाचला. ती बातमी आली त्या दिवशी भावजींनी दुकान लवकर बंद केलं आणि आमच्याकडे येऊन चहा पिऊन गेले.

दुसऱ्या गिरणीत नाही वाचला. तिथे आत उतरायला एकच माणूस होता. तुकडे बरोबर होते, पण एकट्याच्या हातांनी ते पुरेसे वेगाने खाली जाईनात. ते ऐकल्यावर भावजी दोन दिवस दुकानात गेले नाहीत. सासूबाईंनी ताट वाढलं, तसंच परत आलं. मला वाटलं, आता हे ह्या कामाला पुन्हा हात लावणार नाहीत, आणि लावला नसता तर मी त्यांना बोल लावला नसता. तिसऱ्या दिवशी सकाळी समोरून हातोड्याचा आवाज यायला लागला. मी काम टाकून बघायला गेले. ते प्रत्येक तुकड्याच्या वरच्या काठाला एक रुंद पट्टी बसवत होते, पाऊल मावेल एवढी.

"ही कशाला, भावजी?"

"माणूस एकटाच असला," ते म्हणाले, "तर हाताने जमत नाही. वर उभं राहता यायला हवं." त्यांनी एक तुकडा दुकानापुढच्या मातीत रोवला, पट्टीवर पाय ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "वहिनी, जरा चढून बघा बरं. तुमच्या वजनाने जातो का."